‘एकच आठ इंची डोम घ्या’ या सल्ल्यात काय चुकतं

पाण्याखालच्या फोटोग्राफीत नव्याने उतरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: हाउसिंगसाठी (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) आठ इंची डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार काच) एकच घ्या, मागे कुठलीही लेन्स लावा. फ्लॅट पोर्ट, म्हणजे सपाट काचेचा, नवशिक्यांसाठी असतो. पोर्ट हाउसिंगवर घट्ट बसला की जुळला. कोपरे धूसर आलेच तर दोष लेन्सचा. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, आणि जास्त पैसे तेच बुडवतं.

‘डोममागे कुठलीही लेन्स चालते’

डोम पाण्यात बुडाला की तो नुसता काचेचा पडदा राहत नाही, ऋण भिंगासारखा वागतो. लेन्सला समोरचा मासा दिसत नाही, डोमच्या पुढ्यात तयार झालेली त्याची आभासी प्रतिमा दिसते. वस्तू कितीही लांब असो, ही प्रतिमा डोमच्या माथ्यापासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरापलीकडे जात नाही. त्रिज्या १०५ मिमी असेल तर सुमारे ३२ सेंमी, छोट्या डोमची ५५ मिमी असेल तर जेमतेम १६-१७ सेंमी. वस्तू जवळ आली की प्रतिमा आणखी जवळ सरकते. मोठ्या डोमपासून ३० सेंमीवरचा मासा लेन्सच्या लेखी १३ सेंमीवर असतो.

आता लेन्सच्या किमान फोकस अंतराशी ताळा करा. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, डोमपासून नव्हे. कॅननच्या २४-७० एफ २.८ एल लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचं किमान अंतर ३८ सेंमी आहे. मोठा डोम लावल्यावर सेन्सर डोमच्या माथ्यापासून २३ सेंमी मागे आहे असं धरा. मग प्रतिमा डोमपासून किमान १५ सेंमीवर हवी, म्हणजे प्रत्यक्ष मासा साधारण ३८ सेंमीवर. त्याहून जवळ फोकस लागणार नाही. हीच लेन्स छोट्या डोममागे लावली तर सेन्सर माथ्यापासून सुमारे १८ सेंमीवर येतो, त्यात प्रतिमेचे १६.५ मिळवले तरी ३८ भरत नाहीत. इथे लांबच्या खडकावरही फोकस मिळणार नाही, मोटर नुसती घरघरत राहील. उपाय आहे: लेन्सच्या तोंडावर +२ किंवा +४ ची क्लोज-अप लेन्स, जी फोकस आणखी जवळ आणते. पण ती हाउसिंग बंद करण्याआधी लावावी लागते, पाण्यात आठवून उपयोग नाही.

उलट टोकिना १०-१७ (किमान अंतर १४ सेंमी) किंवा कॅनन ८-१५ (१५ सेंमी) या फिशआय (रेषा वाकवून अतिरुंद कोन दाखवणाऱ्या) लेन्स चार इंची डोममागे मजेत चालतात. त्यांच्यासाठी आठ इंची डोम वागवणं म्हणजे बहुतेक वेळा फुकटचं ओझं. अर्धं पाणी आणि अर्धं आकाश असे स्प्लिट फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मोठा डोमच सोयीचा, कारण पाण्याची रेषा काचेवर आटोपशीर बसते.

‘फ्लॅट पोर्ट नवशिक्यांसाठी’

वाइड लेन्सपुरतं हे मान्य. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सर) १६ मिमी लेन्सचा कर्णातला कोन हवेत १०७ अंश असतो. फ्लॅट पोर्टमागे तो ७४ अंशांवर येतो. कडा बाहेर ताणल्या जातात आणि तिथे रंगांच्या झालरी दिसतात.

मॅक्रोचा, म्हणजे छोट्या विषयांच्या अगदी जवळून घेतलेल्या फोटोंचा, हिशोब मात्र उलटा आहे. आणि इथे फ्लॅट पोर्टची बाजू घेणारेही एक चूक करतात: ‘फ्लॅट पोर्ट ३३ टक्के मोठं दाखवतो, म्हणून १:१ च्या (सेन्सरवर वस्तूइतकीच मोठी प्रतिमा) पुढे जाता येतं.’ नाही येत. सपाट काचेमागे वस्तू पाऊणपट अंतरावर दिसते, पण तिची उंची तेवढीच राहते. म्हणून १:१ हे १:१ च राहतं. फायदा एवढाच की त्याच मापासाठी पाण्यात थोडं जास्त अंतर ठेवता येतं. लाजाळू गोबी मासा आणि बाजूने टाकायचा स्ट्रोबचा (फ्लॅशचा) प्रकाश, दोघांसाठी हे अंतर मोलाचं. डोममागे प्रतिमाच लहान होते. मोठ्या डोमपासून १० सेंमीवरची न्यूडीब्रँक (समुद्री गोगलगाय) सुमारे ०.८ पट दिसते, म्हणजे १:१ हातचं गेलं. वर डोमची कड प्रवाळाला घासणार आणि स्वतःची सावली विषयावर पाडणार.

फ्लॅट पोर्टची लांबीही लेन्सप्रमाणे बदलते. निकॉन १०५ मिमी मॅक्रोच्या पोर्टमध्ये निकॉन ६० मिमी घातली तर ती सुमारे पावणेतीन सेंमी मागे राहते. १:१ ला तिच्या तोंडापुढे मुळात पाचच सेंमी असतात. त्यातले निम्म्याहून जास्त पोर्टमधली हवाच खाते.

‘घट्ट बसला की जुळला’

माउंट जुळणं ही यंत्राची बाब, प्रकाशाची नव्हे. डोमच्या वक्रतेचं केंद्र आणि लेन्सचं एन्ट्रन्स प्युपिल, म्हणजे समोरून पाहताना अ‍ॅपर्चर जिथे असल्यासारखं दिसतं ती जागा, एकाच ठिकाणी यावी लागतात. हाउसिंग आणि पोर्ट यांच्यामध्ये बसणारी एक्स्टेन्शन रिंग असते ती त्यासाठी. रिंग आखूड पडली तर डोम थोडा फ्लॅट पोर्टसारखा वागतो: कोन आवळतो, रेषा आत वाकतात. लांब झाली तर रेषा बाहेर फुगतात आणि कोपऱ्यांत पोर्टची काळी कड येते. दहा मिमीची चूक मोठ्या डोमला थोडीफार पचते, ५५ मिमी त्रिज्येच्या डोमला नाही.

हाउसिंग बनवणाऱ्याचा पोर्ट चार्ट (कुठल्या लेन्सला कुठला पोर्ट आणि रिंग याचा तक्ता) असेल तर तोच पाळा. नसेल तर मोजा. बरेच आठ इंची डोम अर्धगोल नसतात, गोलाचा तुकडा असतात. डोमच्या काचेचा व्यास आणि उंची घ्या. अर्ध्या व्यासाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, भागिले उंचीची दुप्पट, ही त्रिज्या. २०० मिमी व्यास आणि ७० मिमी उंचीला ती १०६ मिमी येते, म्हणजे केंद्र डोमच्या बुडाच्याही ३६ मिमी मागे आहे. प्युपिल शोधायला कॅमेरा ट्रायपॉडवर पुढेमागे सरकवत फिरवा. जवळची आणि लांबची उभी कड एकमेकींपासून सरकेनाशी झाली की फिरण्याचा अक्ष प्युपिलवर आहे. झूममध्ये ही जागा बदलते, म्हणून माप सर्वांत वाइड टोकाला घ्या.

‘कोपरे धूसर, म्हणजे लेन्स वाईट’

आभासी प्रतिमा सपाट नसते, वाडग्यासारखी वळलेली असते. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या रेक्टिलिनियर वाइड लेन्सला सपाट पृष्ठ हवं असतं, म्हणून मध्य तीक्ष्ण आणि कोपरे वाहून गेलेले. डोम जितका छोटा तितकं वळण जास्त. आठ इंची डोम खरा कामाला येतो तो या लेन्ससाठी, आणि तरीही फुल फ्रेमवर एफ ११ ते १६ लागतंच. फिशआय एफ ८ ला निभावते. एफ २२ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, मध्यही मऊ पडतो. बजेट असेल तर पाण्यासाठीच घडवलेली प्रणाली पाहा. नॉटिकॅमचा डब्ल्यूएसीपी-१ हा करेक्टर पोर्ट २८ मिमी लेन्ससमोर लावला की १३० अंश देतो. (काच की अ‍ॅक्रिलिक हा वाद इथे गौण. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पण पॉलिश करता येतात.)

घरी टेबलावर घेतलेली चाचणी यातलं काहीच सांगत नाही, कारण हवेत डोम जवळपास साध्या काचेसारखाच असतो. स्विमिंग पूलच्या टाइल लावलेल्या भिंतीसमोर, काटकोनात, मीटरभर अंतरावरून एफ ५.६, ८, ११ आणि १६ ला फोटो घ्या. मग डोम ३० सेंमीवर नेऊन पुन्हा. टाइलच्या रेषा वाकल्या तर रिंग तपासा, कोपरे एफ ११ लाही विरले तर डोम आणि लेन्सची जोडी. मालवण-तारकर्लीच्या पाण्यात अनेकदा काही मीटरच दिसतं आणि विषयाच्या अगदी जवळ जावं लागतं. तिथे तर ३० सेंमीच्या फोटोंवरूनच निर्णय करा.