मेंदू २५ ला ‘पूर्ण’ होतो म्हणे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तो फॉरवर्ड आला: मेंदू वयाच्या २५ ला पूर्ण होतो, तोवर पोरांना विचारच करता येत नाही, म्हणून दहावीनंतरची साइड (सायन्स, कॉमर्स की आर्ट्स) आईबाबांनीच ठरवा, आणि उशिरा उठणारा निव्वळ आळशी. मी नववी-दहावीला गणित शिकवतो, राहवलं नाही.

पहिलं ते २५. १९९९ मध्ये अमेरिकेत मेंदूचे संशोधक जे गीड यांच्या टीमने त्याच त्या मुलांचे मेंदू काही वर्षांच्या अंतराने एमआरआयवर बघितले, तर पुढच्या भागातलं ग्रे मॅटर (मेंदूचा राखाडी, पेशींचा थर) वयाच्या ११-१२ पर्यंत वाढतं आणि मग कमी होत जातं असं दिसलं. कमी होतं म्हणजे बिघडतं असं नाही हं, पडून राहिलेली कनेक्शन्स छाटली जातात हेही त्यात आलं. हे बदल विशीतही चालू राहतात, इतपत फॉरवर्ड बरोबर, पण २५ चा केक कापला की मेंदू तयार असं काही नसतं.

आणि विचार करता येत नाही हे तर साफ चूक. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग वगैरेंनी ११ देशांत, त्यात भारत पण होता, चाचण्या घेतल्या, तर शांतपणे करायच्या विचारात पोरं १६ च्या आसपास मोठ्यांच्या बरोबरीला येतात. गडबड होते ती मित्र बघत असले की. त्यांच्याच २००५ च्या गाडी चालवायच्या गेममध्ये १३ ते १६ ची पोरं मित्रांसमोर जास्त रिस्क घेत होती, मोठ्यांना फारसा फरक पडत नव्हता. क्लासमध्ये मी हे रोज बघतो, फळ्यापाशी बोलावलं की काहीतरी ठोकून देतात नाहीतर गप्प, तेच गणित वहीत दोन मिनिटं दिली की सुटतं, म्हणून आता आधी वही मग फळा. साइडचंही तसंच, महिनाभर आधी घरात निवांत बोला आणि ठरवू दे त्याला, आदल्या रात्री मित्राने कॉमर्स घेतलं म्हणून फॉर्म भरला तर तो चुकणारच, आपणही चुकलो असतो.

आळशीपणाचं थोडक्यात: वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, तेच रात्री उशिरा स्रवायला लागतं, लवकर झोप येतच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी नको. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊला किंवा त्यानंतर भरवायला सांगितल्या, छानच, पण ज्यांचं घड्याळ खरंच पुढे सरकलंय ती दहावीची पोरं सव्वासहाला पौड रोडवर जांभया देत व्हॅनवाल्या काकांची वाट बघतायत.

मीही काही साव नाही, माझी सकाळी साडेसहाची बॅच होती. जूनपासून ती संध्याकाळी केलीय, दोन पालक अजून रुसलेत.