बेलफास्टचा १९०७ चा संप आणि दर मे महिन्यात फिरणारी गोष्ट

१ मे जवळ आला की फोनवर एक मजकूर हमखास येतो. सारांश असा: '१९०७ साली जिम लार्किन बेलफास्टच्या गोदीत आला आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट कामगार धर्म विसरून एक झाले. सगळं शहर बंद पडलं. पोलीससुद्धा बंड करून कामगारांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी मालक शरण आले.' बेलफास्ट हे आयर्लंडच्या उत्तरेचं बंदर, आणि लार्किन हा गोदी कामगारांच्या संघटनेचा माणूस, तिथल्या कामगारांना संघटित करायला आलेला. मजकुरातलं शेवटचं वाक्य सोडलं तर प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच खोडायला जड जातं.

'धर्म विसरले' पासून सुरुवात करू. त्या बंदरात कामच वाटलेलं होतं. इंग्लंड-स्कॉटलंडला जाणाऱ्या बोटींवर त्यातल्या त्यात कायम काम, आणि तिथे बहुतेक प्रोटेस्टंट. लांबच्या समुद्रावरून येणाऱ्या जहाजांवर रोजंदारी, आणि तिथे बहुतेक कॅथलिक. ६ मे रोजी बेलफास्ट स्टीमशिप कंपनीचे कामगार बाहेर पडले ते संघटनेबाहेरच्या माणसांबरोबर काम करणार नाही म्हणून. लार्किनला हे घाईचं वाटलं, त्याने त्यांना परत पाठवलं. जाऊन बघतात तर त्यांच्या जागी लिव्हरपूलहून आणलेली माणसं उभी! संपाचं रूपांतर टाळेबंदीत झालं. लार्किनच्या संघटनेत दोन्ही गटांचे लोक होते, पण धर्म कुणी घरी ठेवून आलं नव्हतं. १२ जुलै म्हणजे प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुकांचा दिवस. त्या दिवशी स्वतंत्र ऑरेंज ऑर्डरच्या, म्हणजे मूळ ऑरेंज संघटनेपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट गटाच्या, मेळाव्यात संपवाल्यांसाठी वर्गणी जमली. तिकडे कॅथलिकांचा, आयर्लंडसाठी स्वराज्य मागणारा राष्ट्रवादी खासदार जो डेव्हलिनही संपाच्या बाजूने बोलत होता. दोघांनीही आपापला झेंडा खाली ठेवलेला नव्हता, आणि मला तर हेच जास्त विलक्षण वाटतं.

'सगळं शहर बंद' हे तर फारच फुगवलेलं. गोदी कामगारांबरोबर कोळशाचे हमाल आणि घोडागाडीवाले उतरले, माल जागच्या जागी अडकला, हे खरं. पण जहाज बांधणीचे कारखाने आणि लिननच्या गिरण्या संपावर गेल्याच नाहीत. एक प्रसंग मात्र या मजकुरात कधीच नसतो. स्टीमशिप कंपनीचा अध्यक्ष टॉमस गॅलहर, तंबाखूवाला. त्याच्या कारखान्यातल्या काही मुली जेवणाच्या सुट्टीत लार्किनचं भाषण ऐकायला गेल्या. त्यांना कामावरून काढलं. त्यांच्यासाठी सुमारे हजार जणी बाहेर पडल्या आणि थोड्याच दिवसांत परत गेल्या, कारण त्यांना पोसायला संघटनेकडे पैसा नव्हता. पुढे काय होणार हे मे महिन्यातच दिसलं होतं.

आता पोलीस. जुलैत विल्यम बॅरेट नावाच्या शिपायाला हुकूम झाला: मोटार वॅगनवर संपफोड्या ड्रायव्हरशेजारी बसून त्याला संरक्षण दे. त्याने बसायला नकार दिला, निलंबित झाला. पण २४ जुलैला शेकडो पोलीस बराकीत जमले ते आधी स्वतःच्या पगारासाठी आणि निवृत्तिवेतनासाठी. संपाने त्यांच्यावर तासन्‌तास जादा ड्यूटी लादली होती आणि त्याचा वेगळा मोबदला नव्हता. सहानुभूती होतीच, नाही म्हणत नाही. पण पोटाचा प्रश्न गाळून तिला क्रांतीचा मुलामा देणं बरं नव्हे. आणि ते बंड टिकलं किती? बॅरेट बडतर्फ, दोनशेहून अधिक शिपाई ऑगस्टच्या सुरुवातीला शहराबाहेर बदलीवर, आणि रस्त्यावर हजारो सैनिक. कॅथलिक वस्तीतल्या फॉल्स रोडवर दंगल उसळली, १२ ऑगस्टला लष्कराने गोळीबार केला. चार्ल्स मॅकमलन आणि मार्गारेट लेनन हे दोघे मेले. ज्या संपाला धर्माचा रंग नाही असं सगळे सांगत होते, त्यातली गोळी मात्र एकाच धर्माच्या मोहल्ल्यात सुटली. शहराने ते बरोबर टिपलं.

'मालक शरण आले' याला काय म्हणावं! संघटनेचं मुख्यालय लिव्हरपुलात, सरचिटणीस जेम्स सेक्स्टन. संपभत्ता देऊन देऊन तिजोरी रिकामी होत आलेली. तडजोडी झाल्या त्या एकत्र नव्हे, एकेका गटाच्या: कोळशाच्या हमालांची वेगळी, आणि सरकारी मध्यस्थ जॉर्ज ॲस्किथ आल्यावर गाडीवाल्यांची १५ ऑगस्टला वेगळी. ज्यांनी सुरुवात केली ते गोदी कामगार सर्वांत शेवटी एकटे उरले, आणि महिनाअखेरीस मालकांच्या अटींवर काम मागायला दारात उभे राहिले. लार्किनची सभा, लार्किनचा आवाज यांवर पानंच्या पानं लिहिता येतात. पण संप मोडला तो तडजोडीच्या या वेगवेगळ्या कागदांवर.

लार्किन पुढे सेक्स्टनपासून फुटला आणि १९०९ च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये त्याची स्वतःची आयरिश वाहतूक व सामान्य कामगार संघटना उभी राहिली. बेलफास्टमध्ये लांबच्या जहाजांवरचे रोजंदार तिच्यात गेले. इंग्लंडच्या बोटींवरचे जुन्याच संघटनेत राहिले.