‘आधी गूगल कर’ हे उत्तर नव्हे

‘नवशिक्याला आयतं उत्तर देऊ नका, आधी गूगल कर म्हणून सांगा. आयतं मिळालं की माणूस आळशी होतो, आपलाही वेळ जातो. ज्याला खरंच शिकायचंय तो ठेचा खाऊन शिकतोच.’ प्रोग्रामिंग करणाऱ्यांत हा सल्ला हल्ली फार फिरतोय. मला तो अजिबात पटत नाही.

गूगल कर, पण काय म्हणून? पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, ‘माझं इफ चालतच नाही.’ ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ आली, तर पुढची ओळ चालावी, एवढंच तिला हवं होतं. ‘इफ चालत नाही’ असं शोधून तिने स्पेलिंग तपासलं, इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, तपासलं, शेवटी पायथॉन काढून पुन्हा टाकलं. मी म्हटलं, ‘ती बेरीज आधी प्रिंट करून बघ.’ स्क्रीनवर आलं ०.३०००००००००००००००४. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा ०.१ बायनरीत, म्हणजे मशीनच्या शून्य-एकच्या आकड्यांत, संपत नाही, म्हणून मशीन जवळची किंमत धरतं. आकडे असे साठवण्याच्या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, एवढं सांगितलं. तिची अडचण आळसाची नव्हतीच, तो शब्दच तिच्याकडे नव्हता. आणि शब्द मिळाल्यावर? दशांश आकडे अचूक धरणारं पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल तिने स्वतः शोधून काढलं. उत्तराने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

शिवाय शोधून जे सापडतं ते आजचं असेलच असं नाही. पायथॉन ३ आलं २००८ मध्ये, पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. पायथॉन ३ मध्ये प्रिंटला कंस लागतो, तरी कंस नसलेले पायथॉन २ चे जुने धडे अजून सापडतात. त्यातलं कुठलं शिळं, हे नवख्याने कशावरून ओळखायचं?

ठेचा खाऊन शिकलेले आपल्याला दिसतात, कारण ते इथे आहेत. ठेच लागून परत गेले त्यांची मोजदाद कोणी ठेवलीय? लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ३ जुलै १९९१ ला मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना विचारलं होतं, पॉझिक्सचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ठरवलेले, नियम कुठे मिळतील? ‘स्वतः शोध’ म्हणून झटकायला याहून सोपा प्रश्न कुठला? त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने आपण ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तीच पुढे लिनक्स झाली.

राहिला वेळेचा मुद्दा. अख्खी असाइनमेंट पुढ्यात टाकून ‘करून द्या’ म्हणणारे असतात, हे खरं, आणि त्यांचा मलाही वैताग येतो. त्यांना विचारावं, ‘काय करून पाहिलंस? एरर जशीच्या तशी पाठव.’ टोमणा लिहायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो. तेवढाही नसेल, तर तो प्रश्न दुसऱ्या कुणासाठी सोडून द्यावा.