मोहेरचे कडे युरोपात सगळ्यात उंच? नाही हो!

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय की आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतले मोहेरचे कडे हे युरोपातले सगळ्यात उंच समुद्रकडे आहेत आणि वरचा बुरूज हजार वर्षं जुना किल्ला आहे. दोन्ही चूक.

मोहेरची जास्तीत जास्त उंची २१४ मीटर. आयर्लंडमध्येच डोनेगलचा स्लीव लीग ६०१ मीटर आहे आणि मेयोतल्या अकिल बेटावरचा क्रोहॉन ६८८, म्हणजे तिपटीहून जास्त! आता तो बुरूज, तो कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या तिथल्याच जमीनदाराने १८३५ मध्ये बांधला, आलेल्या पाहुण्यांना समुद्र नीट बघता यावा म्हणून, लढाईबिढाईचा काही संबंध नाही.

आणि खरं बघण्यासारखं तर तिथे पायाखालीच असतं. वाटेवरच्या लिसकॅनर नावाच्या तिथल्याच दगडाच्या फरशीवर गांडूळ फिरल्यासारख्या नागमोडी रेघा दिसतात ना, त्या कोणी कोरलेल्या नाहीत, साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी चिखलात सरपटलेल्या जीवांच्या वाटा आहेत त्या, बोट फिरवलं की हाताला लागतात. हे सोडून खोटी उंची कशाला सांगायची? ज्यांनी पुढे पाठवलंय त्यांनी प्लीज ग्रुपवर दुरुस्ती टाका.