प्रतिक्रियेला उत्तर : 'यात माहिती कुठे आहे?'

सप्रेम नमस्कार,

उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचं म्हणणं खोडून काढायच्या आधी 'हनीलँड' पुन्हा बघायला हवा होता. बघितला. आता तुमचं निम्मं म्हणणं मान्य आहे, उरलेल्या निम्म्यावर भांडायचं आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'हनीलँड', 'रायटिंग विथ फायर' आणि 'अगेन्स्ट द टाइड' या तीन माहितीपटांवर मी लिहिलं होतं. त्यावर यांचे आक्षेप दोन. पहिला, 'माहितीपटावरच्या लेखात माहिती शून्य, नुसते उमाळे. माश्या शेजारच्या पोळ्यावर तुटून पडतात म्हणजे नक्की काय होतं, एवढं तरी सांगायचंत. आमच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या, म्हणून विचारतो.' दुसरा, 'समोर कॅमेरा असताना माणूस खरं वागूच शकत नाही. सगळा बनाव आहे आणि तुम्ही भुललात.'

पेट्यांचं वाचून वरमलो. 'हनीलँड'मधल्या, आजारी आईजवळ बसलेल्या, माश्या पाळणाऱ्या हातिजेवर मी दोन परिच्छेद खर्ची घातले आणि माश्या का मेल्या ते एका ओळीत उरकलं. चूक माझी, चित्रपटाची नाही. चित्रपटात ते सगळं आहे. उत्तर मॅसिडोनियातलं वीज नसलेलं, ओस पडलेलं गाव. पडक्या भिंतींच्या पोकळीत हातिजे मुरातोवाची पोळी. मध काढताना ती अर्धा स्वतःला घेते, अर्धा माश्यांना ठेवते. मग शेजारी हुसेनचं कुटुंब गुरंढोरं आणि सात पोरं घेऊन येतं. तोही माश्या पाळायला लागतो. व्यापारी जास्त मधासाठी मागे लागतो आणि हुसेन सगळाच मध काढून विकतो. मध गेला की माश्यांची वसाहत उपाशी पडते. बाहेर फुलोरा नसेल तर उपाशी माश्या शेजारच्या वसाहतीत शिरून तिथला मध पळवतात, त्या झटापटीत माश्यांचा खच पडतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण यातलं एक वाक्यही निवेदक सांगत नाही, कारण निवेदकच नाही. अर्धा मध ठेवायचा हे तुम्ही आधी हातिजेच्या हातांकडे बघून शिकता. पुढे हुसेन सगळा मध काढतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण आता काय होणार हे तुम्हाला कळलेलं असतं. ही माहिती नाही तर काय? आपली पंचाईत अशी की 'माहितीपट' म्हटलं की सरकारी फिल्म्स डिव्हिजन आठवतं. मुख्य सिनेमाआधी धरणं, लसीकरण, गव्हाची कोठारं आणि वरून तो भारदस्त आवाज. आम्ही तेवढ्या वेळात बाहेर उभे राहून समोसे संपवायचो. 'अनुबोधपट' हा जुना शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, तोही जरा मास्तरकी करतोच म्हणा.

आता बनावाकडे येतो. 'दिग्दर्शकांनी काहीही घडवून आणलेलं नाही' हे माझं वाक्य बेफिकीर होतं, लेखातून ते काढून टाकलंय. मी तिथे नव्हतो, मला काय ठाऊक? पण तुमचं 'सगळा बनाव' हेही तितकंच बेफिकीर आहे. तीन वर्षांत चारशेहून जास्त तासांचं चित्रीकरण झालं. तामारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह या दिग्दर्शकांना हातिजेची तुर्की बोली समजत नव्हती, संवादांचा अर्थ त्यांना भाषांतर करून घ्यावा लागला. जी भाषा आपल्यालाच कळत नाही, तिच्यात माय-लेकींकडून अशी तिरकी बोलणी कोण वदवून घेणार? 'मी काही मरत नाहीये, नुसती तुझ्या जिवाला घोर लावून बसलेय,' अशा अर्थाचं ती म्हातारी बोलते. आणि राजधानी स्कोप्येच्या बाजारात मध विकून झाल्यावर हातिजे केसांचा रंग घेते, शेड विचारून, निवडून. पन्नाशी ओलांडलेली बाई, जिच्या गावात बघायलाही कोणी नाही. हा प्रसंग कुणी रचला असता, तर त्याला मी साष्टांग नमस्कार घातला असता.

निवड होतेच. चारशे तासांतून दीड तास उरतो, म्हणजे बाकीचं कुणीतरी टाकून दिलेलं असतं. पण निवड म्हणजे खोटेपणा नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज एकेक फ्रेम टिपली आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखवली. वाटाणा असा भराभर उगवत नाही. म्हणून ती फसवणूक झाली का?

मात्र निवड कधी अंगाशी येते, ते मीच लिहायला हवं होतं. 'रायटिंग विथ फायर' हा 'खबर लहरिया'च्या बातमीदार बायकांवरचा माहितीपट. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला सुरू झालेलं हे वृत्तपत्र. २०२२ मध्ये चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत असताना खुद्द 'खबर लहरिया'नंच जाहीर सांगितलं की चित्रपट हेलावणारा असला तरी आपलं काम एकाच पक्षाभोवती फिरतं असं त्यातून दिसतं आणि ते खरं नाही. ज्यांच्यावर चित्रपट, त्यांचीच तक्रार. मी लेखात तिचा उल्लेखही केला नाही. चित्रपट आवडला होता, म्हणून डोळेझाक केली. इथे तुमचा टोला बरोबर बसलाय.

'अगेन्स्ट द टाइड'वर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बघितला नसेल तर जरूर बघा. सर्वनिक कौर यांचा, मुंबईच्या राकेश आणि गणेश या दोन कोळी मित्रांवरचा. राकेश वडिलोपार्जित होडी घेऊन किनाऱ्यालगत जाळं टाकतो, गणेश स्कॉटलंडला शिकून आलेला, खोल समुद्रात जाणारा. मासा मिळेनासा झाल्यावर तो एलईडीच्या झोतावर मासे ओढायच्या मार्गाला लागतो, ज्यावर केंद्र सरकारनं २०१७ मध्येच बंदी घातली आहे. बंदीची बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पान उलटलं होतं. कर्जात बुडालेला माणूस जिवलग मित्राला आपलं चुकीचं वागणं पटवून देऊ बघतो, ते बघताना पान उलटता येत नाही.

तुमच्या त्या चार पेट्यांचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. 'होत्या' म्हणालात. त्यांची कधी लूट झाली होती का? आणि तेव्हा मध किती ठेवत होतात?