फोन हातात नसला, तरी लक्ष फोनवरच असते

इंदूरमधील मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक मजकूर फिरत आहे. आजची मुले मोबाइलबरोबरच वाढल्यामुळे त्यांना एका वेळी दोन कामे सहज जमतात, इअरफोन लावून बोलत गाडी चालवण्यात धोका नसतो, आणि या वयातील मुलांना समजावत बसण्यात अर्थ नसून एकदा चलान झाले की ती आपोआप सुधारतात, असा त्याचा आशय आहे. माझी अठरा वर्षांची मुलगी रोज सुदामानगरहून भंवरकुआँला क्लाससाठी स्कूटरने जाते. त्यामुळे हा मजकूर नुसता वाचून सोडून देणे मला शक्य झाले नाही.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे संशोधक जेसन वॉटसन आणि डेव्हिड स्ट्रेयर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०० जणांना पडद्यावरील कृत्रिम रस्त्यावर गाडी चालवता चालवता फोनवरून डोक्याला ताण देणारे काम करायला लावले, तेव्हा दोन्ही कामे न बिघडता करणारे केवळ अडीच टक्के, म्हणजे चाळिसांत एक, निघाले. आपले मूल तो चाळिसावा आहे असे गृहीत धरून त्याच्या हाती किल्ली देणे मला मान्य नाही.

इअरफोनचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण तो सावधगिरीसारखा दिसतो. स्ट्रेयर यांच्याच २००१ मधील प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थी फोनवर बोलत असताना त्यांच्या नजरेतून सिग्नल निसटण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते, आणि फोन हातात धरलेला असो वा नसो, त्यात फरक पडला नव्हता. पुढील प्रयोगांत असेही आढळले, की बोलणाऱ्याची नजर ज्या वस्तूवर पडली होती, तीही त्याला नंतर नीट ओळखता येत नव्हती. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. समोरची ई-रिक्षा अचानक वळली, तर ते कळायला लागलेला एक सेकंदही महाग पडतो. मागे बसलेली मैत्रीण निदान रस्ता पाहत असते आणि गर्दी दिसली की आपणहून गप्प बसते. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला चौराहा दिसतच नाही, आणि तो माणूस पुष्कळदा आई किंवा बाबाच असतो.

राहिले चलान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला जातो आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ही तरतूद आवश्यकच आहे. पण तिचा रोख हातातील फोनवर आहे, संभाषणात गुंतलेल्या मनावर नाही. शिवाय चलानाची भीती कॅमेऱ्यापुरती टिकते. मूल अल्पवयीन असेल, तर कलम १९९अ नुसार पालकालाच २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही.

समजावण्याचा उपयोग होत नाही, हे म्हणणे उपदेशापुरते खरे असेल. मीही आधी उपदेशच केला आणि तिने तो मान खाली घालून ऐकून घेतला. नंतर एकदा मी तिला विचारले, की वाटेत फोन वाजला तर तो उचलावासा का वाटतो. ती म्हणाली, "बाबा, तुमचाच असतो. नाही उचलला तर तुम्ही पुन्हा पुन्हा लावता." त्या उत्तरानंतर आमचे खरे बोलणे सुरू झाले. आता ती क्लास सुटल्यावर "निघते" आणि घराच्या फाटकाशी आल्यावर "पोहोचले" एवढेच कळवते, मधली वीस मिनिटे तिचा फोन डिकीत बंद असतो, आणि कितीही उशीर झाला तरी त्या वेळात मी फोन लावत नाही.