धूर दिसला पाहिजे

अभिनंदन, सरपंच! निवडून आलात, गुलाल धुतलात, आता पावसाळा तुमच्या अंगावर आहे. नाल्या तुंबल्यात, शाळेच्या मैदानात गाजरगवत कमरेला लागतंय आणि पारावरचे काकाजी डास मारता मारता तुमचंच नाव घेताहेत. घाबरू नका. चार गोष्टी सांगतो, फुकटात.

कीड कोणती ते अजिबात पाहू नका. पाहायला लागलं की भानगड सुरू होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे एकदा का कळलं, की संध्याकाळी नालीवर सोडलेला धूर नेमका कोणासाठी, असा प्रश्न पडतो. असे प्रश्न विरोधी पॅनलला पडू द्यावेत. तुम्ही डिझेलात मॅलेथिऑन हे कीटकनाशक कालवून यंत्र सुरू करा. काय तो आवाज, काय ते पांढरे लोट! लेकरं मागं पळतात, बाया पदर नाकाला लावतात, आणि नळकांडं धरलेला तुमचा फोटो रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतो. धुरानं उडते डास मरतात, रांजणातल्या अळ्या मरत नाहीत. त्या आठ-दहा दिवसांत पंख लावून बाहेर येतात. येऊ द्या, तोवर यंत्रात डिझेल भरायला पुन्हा पैसे मंजूर होतात.

कोणी डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांचं काढलं तर हसून सोडून द्या. टाक्यातला मासा फोटोत दिसतो का? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून उपडी घाला, असं आशाताई दारोदार सांगत फिरते. फिरू द्या बिचारीला. ज्या कामाचं बिल निघत नाही ते काम कसलं? नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे खणले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, डास हटवले. पण विचार करा, नालीच उरली नाही तर नालीसफाईचं काय?

आता गाजरगवत. फुलावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटलं तर बी पडत नाही. पण त्यासाठी जुलैत जाग यावी लागते. तुम्ही आरामात उठा, फुलं पांढरीधोप होऊ द्या, मग ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकानंच मारावं, असं केंद्रानं 2022 साली ठरवलंय, पण दिल्ली दूर आहे आणि कृषी केंद्र बसस्टॉपला लागून आहे. या गवतावर काळ्या रेघांचा एक मेक्सिकन भुंगा जगतो. गाजरगवत खावं म्हणूनच 1984 साली त्याला बंगळूरला सोडलं होतं. तो पानं कुरतडताना दिसला, की ‘कीड पडली’ म्हणून आधी त्याच्यावर फवारा.

पंप रोजीवरच्या माणसाच्या पाठीवर द्या. त्यानं हातमोजे मागितले तर विचारा, “वावरात कधी घातले होते का बे?” नसतीलच घातले. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता 20 हून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. (इथं माझीही जीभ अडखळते. असो.) ग्रामसभेत मात्र शब्द ‘औषध’ हाच वापरा.

तुमच्याच गावातले कास्तकार ऐकून आहेत, की मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच बोंडअळीवर फवारणी करायची. आधी मोजायचं, मग मारायचं. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पंचायतीची आर्थिक पातळी वेगळी असते, ती मार्चअखेरीस गाठली जाते. तरी एक फलक जरूर लावा: ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन – आपले गाव, आपली जबाबदारी’. मोठा लावा, मागं औषधाचे डबे झाकले जातात.

एवढं केलंत की संध्याकाळी यंत्रासोबत स्वतः फिरा. एखादी म्हातारी तुम्हाला हमखास अडवेल. तिच्या टिनावर, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून, जुनं टायर ठेवलेलं असेल. त्यात ओंजळभर पावसाचं पाणी आणि पाण्यात वळवळणारे काळे धागे. खालून धूर गेला, टायर वर तसंच.

“धूर त झाला, बाप्पा,” ती म्हणेल, “पन हे टायर कोन उतरवते?”

वर पाहू नका. यंत्र पुढच्या गल्लीत गेलंय आणि फोटोवाला थांबलाय.